होन्जा की होन्जो

माझी बायको मिरान गेली त्या दिवशी मी इंचनच्या गोदामात लॉरी रिकामी करत होतो. इस्पितळातून फोन आला. पोहोचलो तेव्हा तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढून ठेवला होता. शेवटी काही बोलली का, म्हणून मी नर्सला विचारलं.

"मास्कमुळे नीट कळलं नाही, काका. 'मेमिल, होन्जा' असं काहीसं."

मेमिल आमची कुत्री. होन्जा म्हणजे एकटी. मी दिवसभर लॉरीवर, मेमिल घरी एकटी. मिरानच्या जिवाला तीच काळजी लागली असणार. म्हणून ठरवलं की मेमिलला जेजू बेटावर सासूबाईंकडे सोडून यायचं. त्यांच्याकडे अंगण आहे, कोंबड्या आहेत. मला ते नको होतं. घरात श्वास घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पण मिरानचं शेवटचं म्हणणं होतं.

सोलच्या गिम्पो विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाळाचं वजन करू या हं. बाबा, पिशवीसकट वर ठेवा."

मी मागे वळून पाहिलं. बाळ कुणाजवळच नव्हतं. ती मेमिलबद्दल बोलत होती, आणि बाबा मी.

वजन थोडं जास्त भरलं. "बाबांनी लाड केलेले दिसतात!" मुलगी हसली. खरंच होतं. मिरान गेल्यापासून माझ्या ताटातला अर्धा घास मेमिलचा. एवढ्याशा वजनासाठी कुत्रीला सामानात टाकणार की काय, मला काही कळेना. पिशवीत खाली मिरानचा लोकरी स्वेटर अंथरला होता. तो काढला तेव्हा वजन नियमात बसलं. स्वेटर हातात कुठे धरत बसू, म्हणून अंगात चढवला. बटणं लागली नाहीत.

तिथेच घोटाळा झाला. विमानात पिशवी पुढच्या सीटखाली ठेवली, पण मिरानचा वास आता पिशवीत नव्हता, माझ्या अंगावर होता. मेमिलनं नाकानं चेन सरकवली आणि थेट माझ्या मांडीवर आली.

हवाई सुंदरी धावत आली. "साहेब, बाळ आत गेल्याशिवाय विमान हलणार नाही."

"मेमिल, आत जा. बस. जा ना गं."

मेमिल स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कुत्र्याची मर्जी होईपर्यंत थांबायचं का आम्ही?"

"तुम्ही घाला बरं तिला आत," मी मागे वळून म्हटलं.

"मी कशाला घालू? कुत्री तुमची!"

खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. सोलला लेकाकडे राहून जेजूला परत चालली होती. तिनं माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. "अवो, असं हात जोडून कुत्रं ऐकतं व्हय?" मग खाली वाकून पिशवीवर थाप मारली. "होन्जो! होन्जो!"

मेमिल टुणकन उतरली, पिशवीत शिरली आणि गप पडून राहिली.

मी चेन लावली. "आजी, तिला एकटी एकटी कशाला म्हणता?"

"एकटी कोन म्हनलं? होन्जो. बिगी बिगी! लवकर ये, लवकर जा, काय बी. शेळीला बी आमी आसंच हाकतो. बायको कुठली तुमची?"

"जेजूची."

"जेजूचा जावई, अन् एवढं ठावं न्हाई!"

नव्हतं ठाऊक. लग्न झाल्यावर जेजूला उतरलो तेव्हा स्वागताच्या पाटीवर 'होन्जो ओप्सोये' लिहिलं होतं. मी मिरानला विचारलं होतं, "इथे एकट्यानं या म्हणतात का गं?" ती म्हणाली, "हो तर. नवऱ्याला घरी ठेवून यायचं." खूप हसली, पण खरा अर्थ सांगितला नाही. माझ्याशी ती सोलच्या भाषेतच बोलायची. बेटावरची बोली फक्त आईशी फोनवर, आणि मेमिलशी. फिरायला निघताना ती मेमिलला तेच म्हणायची. मला वाटायचं, एकटी म्हणून तिला चिडवते आहे.

विमान वर गेलं. मी म्हातारीला नर्सचं सांगितलं.

"मंग बोलावलं आसंल तिनं."

"कुणाला?"

"कुत्रीला. न्हाईतर कुत्रीला घिऊन लवकर या, म्हनून तुमाला. मी काय हुते का तिथं?"

"पण नर्सला होन्जा ऐकू आलं."

"नर्स कुठली?"

"सोलची."

"मंग तिला दुसरं काय ऐकू येनार?"

उतरेपर्यंत मी दोन्ही शब्द मनात म्हणून पाहत होतो. मास्कच्या आतून दोन्ही सारखेच वाटतात. एकटी म्हणाली असेल तर मी बरोबर चाललोय. लवकर म्हणाली असेल, तर मेमिलला सोडून ये असं ती म्हणालीच नाही.

फाटकात सासूबाई उभ्या होत्या. "आलात, जावईबापू? मेमिल, होन्जो, होन्जो!" मेमिल सुटली ती त्यांच्या अंगावरच. त्यांनी तिला उचललं. माझ्या अंगावरचा स्वेटर पाहिला. पायरीवर मेमिलसाठी नवी ताटली मांडलेली होती.

"आई," मी म्हटलं, "होन्जो म्हणजे नक्की काय?"

"म्हंजे आत चला, भात निवतोय."

उद्या परत जायचं आहे. कुत्री सोबत असेल तर आधी फोन करून विमानात तिची नोंद करावी लागते. तो फोन मी अजून केलेला नाही.