नव्यातलं राहू

विमान पत्र्यावर आदळलं आणि पडदाभर जाळ उठला. इंद्रजीतनं हातातला दांडा सोडला नाही. विमान पुन्हा आभाळात नेलं, नाक खाली दाबलं. पत्रे. जाळ. पुन्हा वर.

"बास की लेका," शेजारी बसलेला सतीश म्हणाला. यवतला स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. विमान उडवायचा हा नवा खेळ आठ दिवसांपूर्वी त्यानंच घालून दिला होता. "मशीन पार भरलंय तुझं. जुना नाहीतर नवा, एकच ऱ्हाईल. कुठला काढू?"

"जुना."

"आरं, शिकायला जुनाच चांगला. काटे, बटणं, वारा, समदं खऱ्यावानी. नव्यात नुसता देखावा."

"जुन्यात आपल्याकडं नुसतं हिरवं रान दिसतंय. नव्यात आपलं राहू गाव दिसतं. घर न् घर."

त्याची आई ललिता नैवेद्याची वाटी घेऊन दारात उभी होती. पडद्यावरचं घर तिनं ओळखलं. सर्जेरावांचं, तिच्या धाकट्या दिराचं. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात त्यांनी फावड्याचा दांडा इंद्रजीतच्या तोंडावर घातला होता. अर्धा बाहेर आलेला उजवा डोळा पदरानं दाबून धरत तिनं दौंडचा दवाखाना गाठला होता. डोळा गेला, वैमानिक व्हायचं गेलं, राहूही सुटलं. पोराच्या डोक्यातला सूड निवेपर्यंत मीठ खाणार नाही, असं ती तुळजाभवानीला बोलली होती. अळणी घास आता जिभेला कळतही नव्हता.

"सतीशभाऊ, नवा काढा," ती हळूच म्हणाली. "रोज घर जाळायचा कसला खेळ? उद्या हा खरंच उठून जाईल."

"आई, तू मधी पडू नको."

"जुन्यात कसं अलगद टेकवायचास इमान."

"टेकवायचो," तो हसला. "आन् मग?"

मग काय व्हायचं, ते ललिताला ठाऊक होतं. जुना खेळ बंद झाला की दुपारभर कोयत्यावर कानस चालायची. खर्र, खर्र. त्या आवाजात तिच्या जपाचे मणी चुकायचे.

"चहा टाकते," म्हणत ती आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार ओढलं. दारामागं खुंटीला कोयता होता. पात्यापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. धारेवर तांबूस रेघ धरली होती. आठ दिवसांत आपण कानस ऐकलीच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. जाळ्याला धक्का न लावता तिनं दार होतं तसं लोटलं.

चहा न टाकताच ती बाहेर आली.

"जुनाच काढा, सतीशभाऊ."

सतीश तिच्याकडे बघतच राहिला. पडद्यावर विमान कालव्यावरून वळत होतं. ललिता इंद्रजीतच्या उजव्या अंगाला, त्याला न दिसणाऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. वाटी खाली ठेवून तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

"रोज गोठ्यावर आपटतोयस तू. मुक्या जनावरांचं काय पाप?" आवाज नेहमीसारखाच मऊ होता. बोट दोन पत्रे पलीकडे सरकलं. "भावजी निजतात ती खोली ही."