वरचा एफ शार्प

"मुठी घट्ट आवळा. आता सोडा. खांदे सैल." मिस बूधराम सांगत होत्या आणि लेनॉक्सचा पाय खुर्चीखाली नुसता हलत होता.

दवाखान्यातल्या त्या खोलीत ही त्याची चौथी फेरी. ऑगस्टपासून त्याच्या दोन्ही कानांत एक शीळ वाजत होती, घटकाभर थांबत नव्हती. हे जायचं नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चाळीस वर्षं पिंपांचे पत्रे बडवून स्टीलपॅन हे वाद्य सुरात लावणाऱ्याचे कान आणखी काय करणार! त्यांनीच त्याला इकडे धाडलं होतं. मनाचा उपचार म्हटल्यावर बायको, व्हर्निस, म्हणाली, "चला, तुझ्या डोक्याकडे कुणीतरी बघणार एकदाचं."

"आवाज आहे अजून?" मिस बूधरामांनी विचारलं.

"आहे. वरचा एफ शार्प. किंचित चढा."

त्या हसल्या. शिळेचा सूर सांगणारा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. "अंकल, तुम्ही त्याला मोजत बसता. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात ना, तसा असू द्या. त्या आवाजापेक्षा त्याची राखण करण्यानंच तुम्ही जास्त दमता."

"राखण सोडली तर पॅन कोण लावणार, मिस?"

त्यावर त्यांनी पुन्हा मुठी आवळायला सांगितल्या.

कार्निव्हलची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. लेनॉक्स टेकडीवरच्या बँडच्या आवारात पोचला तर बँडचा कप्तान आयव्हन उभा होता, शर्मेनच्या उंच सुरांच्या टेनर पॅनपाशी. शर्मेन बँकेत कारकून, दोन पोरांची आई, आणि बँडमधली पहिली वादक. वरचा एफ शार्प बोचतो, असं तिनं आठवड्यात दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा लेनॉक्सनं तो पुन्हा ठोकला होता. पत्र्यावर त्या सुराच्या जागी हातोडी पडली की पॅनचा सूर आणि डोक्यातला सूर एकमेकांना घासत, थरथर उठे. पॅनचा सूर खरा लागला की थरथर थांबते, हे त्याला पोरवयापासून ठाऊक. म्हणून ती थांबेपर्यंत तो ठोकत राहिला होता.

"पॅन लावायला सान फर्नांडो शहरातून दुसरा माणूस बोलवू का?" आयव्हन दुसरीकडे बघत म्हणाला. "एवढ्या सीझनपुरता."

लेनॉक्सनं आवारात दोन चकरा मारल्या, पाणी प्यायला, हातोडी उचलली, ठेवली. मग स्टुलावर बसून डोळे मिटले. मुठी आवळल्या, सोडल्या. खांदे खाली सोडले. आयव्हनला वाटलं, म्हातारा रुसला. शीळ गेली नाही; पण तिच्यामागे धावणं जरा थांबलं, आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. आठवडाभर तो पॅन डोक्यातल्या शिळेला जुळवत होता. पत्रा बिचारा ऐकत गेला होता.

आता चूक कळली. पण खरा सूर कुठे, हे त्या शिळेत काही केल्या उमगेना. आणखी दहावीस घावांत पत्रा मेलाच असता, त्यातून सूरच निघाला नसता.

"शर्मेन," तो म्हणाला, "इकडे ये. समोर उभी राहा."

चाळीस वर्षांत त्यानं कुणाला पॅनजवळ उभं केलं नव्हतं. वादकांना तो फाटकाबाहेर घालवायचा, वर शिव्या द्यायचा. ती अवघडून उभी राहिली.

"चढा आहे का?"

"हो, अंकल."

त्यानं हलका घाव घातला, काठीनं सूर वाजवला. "आता?"

"अजून जरा चढाच."

"लाजू नको. तोंडदेखलं बोललीस तर स्पर्धेत तुझीच फजिती."

आणखी एक घाव. शर्मेनच्या कपाळावरची आठी अर्धी मोडली. त्यानं ते पाहिलं आणि पुढं विचारलंच नाही. घाव घालायचा, वाजवायचं, मान वर करायची. आठी गेली, तेव्हा तो शेजारच्या सुरावर सरकला.

आयव्हननं सान फर्नांडोला लावायला काढलेला फोन तसाच खिशात टाकला आणि कुणी मध्ये येऊ नये म्हणून फाटकाकडे जाऊन थांबला.

ऊन उतरेपर्यंत लेनॉक्सनं ते सबंध पॅन तिच्या तोंडाकडे बघत लावलं.