एक्केचाळीस नंबरच्या आजींचं वजन

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं. गोष्ट लहान आहे आणि आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. एका भल्या माणसाची मान कशी खाली गेली, त्याची ही गोष्ट.

एका संशोधन संस्थेत आकडेवारी सांभाळणारा एक गृहस्थ होता. कचेरीत सगळे त्याला आकडेबुवा म्हणत. चहात साखर किती घालू असं विचारलं तरी हा सरासरी सांगणार, अशी त्याची थट्टा चाले आणि त्यालाही ती आवडे. संस्थेचं काम असं होतं, की म्हाताऱ्या माणसांना रोज पेलाभर पाण्यातून पौष्टिक पूड दिली, तर त्यांचं वजन वाढतं का ते बघायचं. दीडशे म्हातारी माणसं, सहा महिने, दर महिन्याला वजन. वजन घ्यायला जायची ती वजनताई. खांद्याला काटा अडकवून जिने चढायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायची.

सहा महिने सरले तेव्हा तक्त्यात तीसेक माणसांपुढची शेवटची घरं रिकामी होती. संस्थेच्या मोठ्या बाईंना ती डोळ्यांत खुपली. आकडेबुवाकडे त्यावर तोडगा होता. संगणकातलं एक गणिती मॉडेल, शेवटपर्यंत टिकलेल्यांवरून मधेच गळालेल्यांच्या वजनाचा अंदाज बांधायचं आणि घर भरून टाकायचं. पद्धत खोटी नव्हे. माणसं परगावी गेली, त्या दिवशी घरी सापडली नाहीत, म्हणून वजन राहिलं असेल तर चालून जाते. ते का राहिलं, एवढं मात्र आधी विचारावं लागतं. वजनताईच्या वहीत त्याचाही रकाना होता. आकडेबुवाने तो संगणकात घेतलाच नाही. मॉडेलला वाक्यं लागत नाहीत ताई, असं हसून म्हणाला आणि वही परत दिली.

कागदावर सगळ्यांचं वजन वाढलं. अहवालाचं कौतुक झालं. ही पूड सगळ्या वृद्धाश्रमांत द्यायची की नाही, ते ठरवायला बैठक लागली. आणि मोठ्या बाईंच्या हौसेखातर, त्याच तक्त्यावरून, भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आभाराचं पत्र गेलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी एक बाई आकडेबुवाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कामावर जाता जाता आली होती, डब्याची पिशवी खांद्यावरच होती. तिने पत्र पुढे सरकवलं. एक्केचाळीस नंबर, अभिनंदन, सहाव्या महिन्यात आपलं वजन बावन्न किलो तीनशे ग्रॅम भरलं.

"आई चौथ्या महिन्यात गेली," ती म्हणाली. "मग सहाव्यात काट्यावर कोण उभं राहिलं?"

छपाईची चूक असेल, असं तो बोलून गेला. स्वतःचे शब्द कानांवर पडले आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला सोसलं असतं. ती आईबद्दलच सांगत राहिली. काट्यावर चढण्याआधी आई चपला काढायची, शाल काढायची आणि चष्मासुद्धा लेकीच्या हातात द्यायची. काचेचं वजन धरलं गेलं तर त्या लोकांचा हिशोब माझ्यामुळे चुकेल, म्हणायची.

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. त्याने वजनताईला बोलावलं. ताईने वही आणली आणि पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. मळमळ, जेवण सुटलं. पाय सुजले. पूड नको म्हणतात. आणि एक्केचाळीसपुढे, तिसऱ्या महिन्यात, दोन घास जात नाहीत, उभं राहवत नाही. त्याखाली एकच शब्द, वारल्या.

"मी लिहून दिलं होतं, बुवा," ताई म्हणाली. "तुम्हाला वाक्यं नको होती."

आजी पुडीमुळेच वारल्या असं कुणालाच म्हणता आलं नसतं. पण त्या सुधारत गेल्या, असं त्याने म्हटलं होतं.

मोठ्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. एवढी एक ओळ काढून टाक, निकालात काडीचा फरक पडत नाही, असं समजावलं. ते खरंही होतं, आजी असोत वा नसोत आकडा तोच राहत होता, आणि त्याला त्याचीच जास्त लाज वाटली. बैठकीत तो उभा राहिला तो वही घेऊन. कारणांचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "ज्यांना पूड सोसली तेच शेवटपर्यंत टिकले. बाकीच्यांचं वजन मी वाढवलं."

पूड थांबली, अहवाल मागे घेतला. कुणी त्याची पाठ थोपटली नाही आणि त्यालाही ते नको होतं. संध्याकाळी त्याने आजींच्या लेकीचं दार वाजवलं. तिने घरात घेतलं, पाणी दिलं. क्षमा केली असं मात्र ती म्हणाली नाही. देवासमोर काय सांगायचं ते त्याचं त्याला ठाऊक. तक्त्यातलं ते घर त्याने आता रिकामं ठेवलंय.

चला, उठा आता. पण देवाला हात जोडाल तेव्हा आकडेबुवाला विसरलात तरी चालेल, त्या आजींची आठवण तेवढी ठेवा. काट्यावर चढताना त्यांनी चष्मा काढून दिला होता.