पुसलेला कोपरा

मी एक जुना चित्रतक्ता आहे, मारेगावजवळच्या एका शाळेतला. सध्या कपाटामागे गुंडाळून पडलो आहे. मित्रांनो, धूळ खातोय म्हणून मी रागावलेलो नाही. माझा राग वेगळाच आहे.

पुण्याच्या छापखान्यात माझ्यावर दिवाळी छापली: आकाशकंदील, रांगोळी, करंज्यांचं ताट, उटणं लावून घेणारा गुबगुबीत मुलगा. प्रभावतीबाईंनी मला भिंतीवर टांगलं, तेव्हा मुलं माना उंचावून बघत राहिली. मराठीच्या तासाला माझ्यावर बोट ठेवून वाक्यं म्हणायची. ते दिवस खरंच छान होते.

मग साहेबांची तपासणी ठरली. बाईंनी प्रत्येकाला एकेक वाक्य पाठ करायला दिलं. बंजारा तांड्यावरच्या पायलच्या वाट्याला आलं, 'आम्ही दारात आकाशकंदील लावतो.'

पायल म्हणाली, "आमी नाही लावत बाई. अवसेच्या राती आमी पोरी दिवे घेऊन घरोघर जातो, मेरा म्हणतो, आमचं दिवाळीचं गाणं. मंग म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवतात."

इतकं सुरेख त्या वर्गात कोणी बोललं नव्हतं. बाई मात्र म्हणाल्या, "चित्रात आहे तेच सांग."

अहो, मी साधा छापील कागद! माझी कसली दिवाळी प्रमाण धरता? पायल खोटं बोलायला तयार होईना. मधल्या सुटीत तिने कोळशाने माझ्या कोपऱ्यात दिवा घेतलेली मुलगी काढली. बाईंनी ओल्या फडक्याने ती खसाखसा पुसली आणि तपासणीच्या दिवशी पायलला मागे बसवलं. तेव्हापासून ती वर्गात बोललीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. मजूर परवडेनात, म्हणून पायलचे वडील भीमसिंग घरच्यांनाच वेचणीला नेत होते. पोरीला तेवढं शाळेत ठेवलं होतं. एक दिवस ते चौकशीला आले. बाईंनी सांगितलं, ही तोंडच उघडत नाही.

"घरी तं दिवसभर बोलत राह्यते," ते म्हणाले. "इथं मुकीच बसत असन, तं ही कापूस वेचाले येईन."

बाईंनी अडवलं नाही. पायल दप्तर घेऊन गेली, ती परत आली नाही.

माझ्या कोपऱ्यातला डाग बघून लोक म्हणतात, ओल लागली असेल. मित्रांनो, मला खुशाल रद्दीत घाला. पण नव्या तक्त्यापुढे एखादी मुलगी उभी राहिली, तर आधी तिला विचारा, तुझ्या घरी दिवाळी कशी असते? आणि तिचं सांगून होईपर्यंत फडकं हातात घेऊ नका.