गल्लीतली एकच शेगडी

फोन आला तेव्हा मानसिंग कोरेगावात कोंबडीच्या दुकानासमोर वाद घालत उभा होता. सुनेनं, रेश्मानं, बजावून पाठवलं होतं, "मामा, बोनलेसच आणा. मांडीचं." सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसानं आयुष्यात कधी बोनलेस कोंबडी विकत घेतली नव्हती. हाडाशिवाय रस्सा कसला, अशी त्याची तक्रार होती, आणि ती तो दुकानदाराला तावातावानं ऐकवत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

पलीकडून मुलाच्या पलटणीतले साहेब बोलत होते, हिंदीत, अगदी सावकाश. सिक्कीममध्ये पहाटे गाडी दरीत कोसळली होती. गाडीत चौघे होते, शिवतेज त्यांतला एक. चौघांतलं कुणीच वाचलं नव्हतं. मानसिंग "जी साब" म्हणाला. पुन्हा एकदा "जी साब" म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत वरून आलेल्या शब्दाला एवढंच उत्तर द्यायची जिभेला सवय, तिनं एकुलत्या एक पोराच्या मरणालाही तेच उत्तर दिलं. फोन बंद झाला. दुकानदारानं काळी पिशवी पुढे केली आणि मानसिंगनं ती घेतली.

ती पिशवी त्यानं तिथंच टाकून द्यायला हवी होती. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात एवढंच आलं की, रिकाम्या हातानं घरी गेलो तर सून विचारेल, आणि तिनं विचारलं तर आपल्याला उभं राहवणार नाही. म्हणून पोराच्या मरणाची बातमी खिशात आणि कोंबडी गाडीच्या हँडलला अडकवून तो गावाकडे निघाला. निघण्याआधी एक फोन मात्र त्यानं केला, चुलतभावाला. चुलतभाऊ उदयसिंह गावचा सरपंच.

घराआड एक जवान असलेलं हे गाव. अशा दिवशी काय करायचं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. बायकोला आणि आईला पार्थिव दारात येईपर्यंत कळू द्यायचं नाही. केबलची वायर काढायची, घरातला मोबाइल काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यायचा. चुली पेटवायच्या नाहीत, गिरणी बंद ठेवायची. आणि बायकांना सांगायचं, अजून रडायचं नाही. उदयसिंहनं अर्ध्या तासात सगळं लावलं. वेशीजवळ तो मानसिंगच्या गळ्यात पडला, ढसाढसा रडला आणि मग डोळे पुसून म्हणाला, "दादा, उद्या दुपारपतोर आणत्यात. तवर पोरीला कळाय नगं. आजची रात दोन घास खाऊ दे, झोपू दे. पुढं हायच की जन्मभर."

मानसिंगनं मान हलवली. त्यानं स्वतः दुसऱ्यांच्या घरी हे किती वेळा केलं होतं. आणि ते चांगलंच आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

"आवं मामा, किती हा उशीर!" रेश्मा उंबऱ्यातच उभी होती. तिनं पिशवी हिसकावून घेतली, आत डोकावून बघितलं आणि खूश झाली. "व्हय, हेच. आता बघा तुमी."

"तुजा फोन दे जरा," मानसिंग म्हणाला. आवाज ठीक निघाला, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "हयातीचा दाखला काढायचाय. नोव्हेंबर हाय न्हवं. माज्या फोनवर चेहरा घेत न्हाई, उदयसिंह करून देतो म्हणला."

पेन्शन चालू ठेवायला माणूस जिवंत आहे असा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं फोन काढून दिला. "पण संध्याकाळी आणा. ह्यांचा फोन यील."

शिवतेज शुक्रवारी येणार होता, चाळीस दिवसांच्या सुट्टीवर. आज बुधवार. दोन वर्षांपूर्वी तो शांतिसेनेबरोबर लेबनॉनला गेला होता आणि तिथल्या छावणीत एका ग्रीक शिपायानं त्याला काहीतरी खाऊ घातलं होतं. भाजलेली कोंबडी, खाली शिजवलेले गहू, वर काकडी-टोमॅटो, आणि लसणाचं घट्ट दही. सगळं एकाच वाडग्यात. तेव्हापासून दर फोनला तेच पुराण. गावची जत्रा, आत्याच्या हातचा रस्सा, सगळं त्या वाडग्यापुढे फिकं. रेश्मानं मनावर घेतलं होतं की, शुक्रवारी तो आंघोळ करून बसला की त्याच्यापुढे तेच ठेवायचं. पण पहिल्यांदाच करायचं आणि बिघडलं तर? म्हणून आज एकदा घरच्यांवर प्रयोग.

ती वडूजची, बी.कॉम. झालेली, आणि हिशेबी. ऑलिव्ह तेलाची बाटली आणि ते खारट काळे ऑलिव्ह साताऱ्याहून आणले होते. ओरेगॅनो म्हणून पिझ्झ्याबरोबर आलेल्या पुड्या वर्षभर डब्यात साठवल्या होत्या. तिकडचे गहू कुठून आणायचे, म्हणून खिरीसाठी ठेवलेली खपली तिनं रात्रीच भिजत घातली होती. त्यांच्या त्या खारट चीजऐवजी पनीर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. दही फडक्यात टांगून त्याचा चक्का केला होता.

"आत्या, ह्यो चक्का, त्यात किसल्याली काकडी, वर लसूण. म्हंजी आपली कोशिंबीरच की!" ती हसत म्हणाली. "उगंच ग्रीक म्हणत्यात."

आत्या म्हणजे बनुबाई, मानसिंगची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. शिवतेजची आई तो आठ वर्षांचा असताना गेली, त्याला वाढवलं ते हिनंच. बनुबाई दारात बसून मेथी निवडत होती. ती हसली नाही. ती गल्लीकडे बघत होती.

दिवसभर मानसिंग गोठ्यात होता. गोठा त्यानं तीनदा झाडला. त्याला ओरडायचं होतं, भिंतीवर डोकं आपटायचं होतं, आणि घरातून रेश्माचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मधेच तिनं हाक मारली, "मामा, लिंबं संपली, देता का आणून?" त्यानं लिंबं आणून दिली. दुकानदारानं त्याच्याकडे न बघता ती पुडक्यात बांधली आणि दुकानाचं दार पुन्हा लोटून घेतलं.

साडेपाचच्या सुमाराला तिनं अंगणात शेगडी पेटवली. कोळसे फुलले. वांगी भाजायची जाळी वर ठेवून तिनं दह्या-लिंबात मुरलेले तुकडे मांडले आणि चर्र असा आवाज झाला. लसूण आणि भाजलेल्या मांसाचा वास गल्लीभर गेला. त्या संध्याकाळी गावात पेटलेली ती एकच शेगडी होती, आणि ती मेलेल्याच्याच घरात पेटली होती. समोरच्या घराची खिडकी हळूच बंद झाली.

"आज गल्ली कशी गप हाय," रेश्मा तुकडे उलटत म्हणाली. "गिरणीबी बंद हाय वाटतं."

बनुबाई उठली. मेथीची पाटी तिथंच ठेवून ती गोठ्यात आली आणि मानसिंगसमोर उभी राहिली.

"शिवतेज?" तिनं एवढंच विचारलं.

मानसिंगच्या हातातला खराटा गळून पडला. तेच उत्तर झालं. बनुबाईनं म्हशीच्या पाठीवर हात टेकला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "कवा?"

"पहाटं."

"आन तिला?"

"उद्या. आणल्यावर." तो तिच्या जवळ गेला. "आक्का, पोरगी सकाळधरनं उपाशी हाय, चव बघायची म्हणून. तिला जेवू दे. दोन घास पोटात जाऊ दे. एकदा कळलं की चार दिवस पाणीबी घ्यायची न्हाई ती."

"मलाबी तू जेवू घातलं हुतंस," बनुबाई म्हणाली.

सव्वीस वर्षांपूर्वी काश्मिरात बनुबाईचा नवरा, आप्पासो, गेला तेव्हा ती माहेरी होती आणि मानसिंग सुट्टीवर. बातमी आली आणि पार्थिव पोचायला दोन दिवस लागले.

"दोन दिस मी त्यांच्यासाठी लाडू वळत हुते," बनुबाईचा आवाज चढला नाही, तेवढाच राहिला. "समद्या गावाला म्हाईत हुतं. तू मांडी घालून माज्यापुढं बसलास, लाडू खाल्लास, आन वर म्हणलास, आक्का, लय झकास झाल्यात. मी किती हसले. माजा नवरा मेल्याला, आन मी दोन दिस हसत हुते रं. त्ये दोन दिस तुमी माज्याकडनं काढून घेतलासा. त्याचं कुणाला काय वाटलं न्हाई."

"आक्का, तुज्या भल्यासाठीच."

"माज्या न्हवं. तुमास्नी आमचं रडणं सोसत न्हाई, म्हणून. आता तू सांगतोस, का मी सांगू?"

"मामा! आत्या! चला!" अंगणातून हाक आली.

तिनं पडवीत तीन पाट मांडले होते. तीन वाडग्यांत खाली खपली, एका बाजूला काकडी-टोमॅटो, एका बाजूला पनीर, मधे कोंबडीचे उभे काप आणि वर पांढरं दही. तिनं वरून लिंबू पिळलं आणि मानसिंगपुढे बसली, हनुवटीखाली हात घेऊन. "कालवायचं न्हाई हां मामा, वेगवेगळं खायचं. आन खरं सांगा. बरं वाटावं म्हणून चांगलं म्हणू नगा, न्हाईतर शुक्रवारी माजी फजिती."

बापानं पोराच्या सुतकात कोंबडीचा घास तोंडात घातला. तो चावला. चांगला झाला होता, हीच मोठी वाईट गोष्ट. आंबट, धुरकट, मऊ. शिवतेजनं बोटं चाटली असती. मानसिंगनं घास गिळला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "लय झकास."

बनुबाईनं त्याच्याकडे बघितलं. रेश्माचा चेहरा उजळला, "खरंच? आयशप्पथ?" आणि तिनं स्वतःचा वाडगा उचलला. दिवसभराची भूक होती. तिनं मोठा घास घेतला, आणि तो तोंडापर्यंत जायच्या आत मानसिंगनं तिचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेच्या हाताला हात लावायची रीत नाही. ती दचकली.

"खाऊ नगं, पोरी," तो म्हणाला. "शिवतेज गेला. पहाटं गाडी दरीत पडली."

रेश्मानं हात सोडवून घेतला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग बनुबाईकडे बघितलं, आणि तिथंही तेच दिसलं तेव्हा तिनं घास वाडग्यात परत ठेवला. अगदी नीट ठेवला.

"तुमाला कवा कळलं?"

"सकाळी."

"कोंबडी घ्यायच्या आदी, का मागनं?"

मानसिंगला वाटलं, याच्यापेक्षा तिनं थोबाडीत मारलेली परवडली असती. "घेताना," तो म्हणाला.

"मग आणलीसा कशाला?" जणू सकाळपासूनचा सगळा दिवस तिला पुन्हा एकदा चालून यावा लागत होता. "आन कुणाला म्हाईत हाय?"

"समद्यांस्नी."

ती उठली. मानसिंगला वाटलं आता कोसळेल, तो सावरायला पुढे झाला, पण ती सरळ चालत गेली आणि तिनं बाहेरचं दार उघडलं.

गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर बायका बसल्या होत्या. डोक्यावर पदर घेऊन, गप्प, कुणास ठाऊक किती वेळ. गडीमाणसं भिंतींना टेकून उभी होती. रेश्माचा चेहरा दिसला मात्र, आणि पहिला हंबरडा फुटला. मग दुसरा, मग सगळ्या गल्लीचा. सकाळपासून दाबून धरलेलं रडणं एकदम सुटलं. सरपंचाची सून अंकिता धावत आली आणि तिच्या गळ्यात पडायला दोन्ही हात पसरले.

रेश्मानं तळहात पुढे केला. "थांब."

अंकिता थांबली. हळूहळू गल्लीही थांबली.

"सकाळधरनं तुमी समदी रडलासा," रेश्मा म्हणाली. आवाज चिरका झाला होता, पण शब्द ऐकू येत होते. "माजा नवरा, आन मीच शेवटली. आता मला तुमी कुणी नगं."

ती वळली. मानसिंग तिच्या मागेच उभा होता. तिनं त्याच्या पायांकडे बघत म्हटलं, "मामा, तुमीबी भाईर जावा."

"रेश्मा..."

"जावा. आत्या ऱ्हाऊ देत."

तो उंबरा ओलांडून बाहेर आला. मागे दार लागलं, आतून कडी लागली. उदयसिंह पुढे सरसावला, पोरगी आत जिवाचं काही करून घेईल म्हणाला, दार ठोठावायला हात उचलला. मानसिंग त्याच्या आडवा उभा राहिला. "हात लावू नगंस दाराला," तो म्हणाला. सरपंचाचा हात खाली आला.

बराच वेळ आतून काही आलं नाही. गल्लीतल्या बायकांना रडावं की गप्प राहावं ते कळेना, त्या एकमेकींकडे बघत बसल्या. मग आवाज आला. आधी बनुबाईचा, म्हातारा, घोगरा, सव्वीस वर्षांत कुणी न ऐकलेला. आणि त्यात मिसळून दुसरा, तरणा. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या.

मानसिंग आपल्याच दाराला पाठ लावून उभा राहिला. समोर सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याच्या पोराला जाऊन बारा तास होऊन गेले होते आणि त्याच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. आता ते यायला लागलं, आणि कुणापुढे रडावं ते त्याला कळेना.