काचेवरचा डाग

पूर बघितलेल्या महाडच्या माणसाला एक खोड लागलेली असते. कशावर तपकिरी काही दिसलं की आधी पाणी ओतायचं. फोटो स्टुडिओवाल्या प्रितमलाही ती होती आणि तिनेच त्याचा घात केला.

बाकी पोरगा हुशार. जुन्या फोटोवाल्यांच्या अंधाऱ्या खोलीतल्या करामती, एकावर एक उमटवलेले पुसट चेहरे, तो कॉम्प्युटरवर हुबेहूब करायचा. लग्नवाले त्याच्यावर खूश होते, आणि तो स्वतःवर त्याहून जास्त.

तुडीलच्या कमळाबाईंनी पुरात बुडालेली फ्रेम आणली. आत त्यांचा आणि नवऱ्याचा फोटो, काचेला घट्ट चिकटलेला. "मागची फळी कुजली रे. नीट कर," एवढंच त्या म्हणाल्या. प्रितमने फोटो हलक्या हाताने सोलून काढला. दोघांच्या मधला तपकिरी थर मात्र काचेवरच राहिला. चिखल, दुसरं काय? त्याने काच साबणाने लख्ख धुतली आणि फोटोतल्या रिकाम्या जागी कॉम्प्युटरवर मागचा पडदा भरला.

आठवड्याने कमळाबाईंनी फोटो हातात घेतला. बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

"आनि माजी राजश्री?"

"कोण राजश्री, आजी?"

त्यांनी दोन खांद्यांच्या मधे बोट ठेवलं. राजश्री त्यांची मुलगी, सहाव्या वर्षी तापाने गेलेली. शाळेच्या फोटोतला तिचा चेहरा महिपती फोटोग्राफरने आईबापांच्या मधे पुसट उमटवून दिला होता. पुरानंतरही काचेवरच्या त्या तपकिरी थरात कमळाबाईंना तो रोज दिसायचा. शाळेचा फोटो आणि महिपतीच्या निगेटिव्ह सावित्री नदीने त्या पुरातच नेल्या होत्या.

चिखल म्हणून आपण काय धुतलं ते प्रितमला आता कळलं. धुण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढायला दोन सेकंद पुरले असते. तेवढं त्या शहाण्याला सुचलं नाही.

चार दिवस त्याने दुसरं काम हातात धरलं नाही. आईचे डोळे, बापाची हनुवटी घेऊन कॉम्प्युटरवर एक मुलगी घडवली, महिपतीसारखीच पुसट करून दोघांच्या मधे बसवली. इतकं सुंदर काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

कमळाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"पोर छान हाय रे," त्या म्हणाल्या. "कोनाची?"

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"ती काच तरी हाय का?"

काच होती. त्याने आणून दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली. पलीकडे रस्त्यावर उभ्या असलेल्या, वीर स्टेशनला जाणाऱ्या रिक्षा तिच्यातून अगदी स्वच्छ दिसत होत्या.