काही न मागणारी गाडी

शंकरप्पा सरांनी छप्पन्नाव्या वर्षी पिवळी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा लातूरकरांनी आठ दिवस दुसरा विषय काढला नाही. आणि काढावा तरी कशाला? जमिनीला पोट घासत चालणारी, दोन दारांची, दोनच माणसं मावतील अशी परदेशी गाडी. तिच्यातून उतरणार कोण, तर फिजिक्स शिकवणारे, पांढऱ्या सदऱ्यातले, गुडघा धरून "आई गं" म्हणत बाहेर येणारे सर! क्लासच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकून टाकलं. बेडकी. पुढं पुढं सरही फोनवर बिनधास्त सांगायला लागले, "बेडकी सर्व्हिसिंगला दिलीय."

घरात विचारणारं कुणी नव्हतं, हेही खरं. लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने म्हणून तारामतीबाई पुण्याला गेल्या, त्या दोन महिन्यांना आता तिसरं वर्ष लागलं होतं. भांडणबिंडण काही नव्हतं, बरं का. नातवात जीव अडकला, एवढंच. रोज रात्री फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो." झालं, संपलं बोलणं.

सरांचा एक क्लास लातूरला, एक नांदेडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार नांदेडची वारी ठरलेली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. बेडकी घ्यायच्या आधी चौदा वर्षं ते जीपनं गेले, आणि ती जीप चालवायचे मकसूदभाई.

हे मकसूदभाई नांदेडचे. घर देगलूर नाक्याजवळच्या गल्लीत, पण मुक्काम लातूरला, क्लासच्या मागच्या खोलीत. शाळा चौथीपर्यंत, आणि शंका अशा विचारायचे की सरांची झोप उडावी. "सर, चंद्रावर गाडी नेली तर ब्रेक लागंल का हो?" सर एकदम सावरून बसायचे. क्लासातली पोरं एकच शंका विचारायची, हे परीक्षेला येईल का. मकसूदभाईंना परीक्षाच नव्हती, म्हणून त्यांना सगळंच हवं असायचं. चंद्रावरच्या ब्रेकवर एकदा लोह्यापासून चाकूरपर्यंत वाद चालला होता.

येताना कधी कधी सर स्वतः जीप घ्यायचे चालवायला. चार तास फळ्यापुढं उभं राहून डोकं भणभणलेलं असायचं, हातांना दुसरं काही काम दिलं की बरं वाटायचं. मकसूदभाई डावीकडच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. चढ लागला, इंजिनाचा आवाज जड झाला की डोळे न उघडताच म्हणायचे, "मागून राहिली, सर."

म्हणजे गाडी गिअर मागतेय. ड्रायव्हर लोकांची ही नेहमीची बोली, पण सरांना ती फार आवडायची. टॉर्क शिकवून शिकवून या माणसानं चार फळे झिजवले असतील, पण इंजिन कधी काय मागतं ते काही केल्या त्यांच्या कानाला कळायचं नाही. "द्या की सर तिला! किती रडवता बिचारीला?" असं मकसूदभाई म्हणाले की सर घाईघाईनं क्लच दाबायचे, आणि मग दोघं पोट धरून हसायचे.

मग मकसूदभाईंची शुगर डोळ्यांत उतरली. चाकूरजवळ रस्त्याकडेला उभा असलेला उसाचा ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नाही. सर ओरडले म्हणून वाचले दोघं. डॉक्टर म्हणाले, पडद्याला मार बसलाय, स्टिअरिंगला आता हात लावायचा नाही. त्याच संध्याकाळी मकसूदभाईंनी किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलून परत त्यांच्या मुठीत कोंबली आणि म्हणाले, "जीप तुमचीच आहे. घरी न्या. चौदा वर्षं केलंत माझं."

वा रे शहाणपण! ज्याला गाडी चालवू नको म्हणून डॉक्टरनं बजावलं, त्याला सरांनी गाडी भेट दिली. लोकांनी वाहवा केली. मुलगा शारिक हैदराबादहून आला आणि बापाला शेजारी बसवून जीप नांदेडला घेऊन गेला. सर दारात उभं राहून हात हलवत होते. आपण एका माणसाचं चांगलं केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं. दुसरा ड्रायव्हर ठेवायचं मन होईना, म्हणून स्वतःच चालवू म्हणाले, आणि चालवायचीच तर मजा येईल अशी चालवू म्हणून बेडकी आली.

मजा आली, नाही असं नाही. पंधरा दिवस आली. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. पण त्या जोरासाठी लागतो तेवढा मोकळा रस्ता कुणाच्या बापानं ठेवलाय? चार सेकंद उडायचं, की पुढं उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर, नाहीतर आरामात बसलेली म्हैस. बरं, चौपदरी रस्ता झाल्यापासून खड्डेही गेले. म्हणजे ऐंशीवर गाडी सोडली की झालं. गिअर ती आपला आपण बदलणार, पट्टी सुटली तर स्टिअरिंग ती स्वतः सरळ करणार, पुढचा ट्रक जवळ आला तर ब्रेकसुद्धा तीच लावणार. सरांनी फक्त बसायचं. मोटारसायकलवाले शेजारून मोबाइल धरून शूटिंग करायचे, आणि काचेच्या आत हा माणूस एकटा, गुमान. सरांना कित्येकदा वाटायचं, मी इथं नसलो तरी हिला काही फरक पडणार नाही. शेजारच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा असायचा. त्याच्या वजनाला माणूस समजून गाडी बेल्ट लावा म्हणून टुणटुण करायची, तेव्हा सर गठ्ठ्याला बेल्ट लावायचे.

गुरुवारी दुपारी मकसूदभाईंचा फोन आला. जीप नेल्यावर पहिले सहा महिने अधूनमधून यायचा, मग बंदच झाला होता.

"सर, जीप घेऊन जा तुमची. मी आन जोहरा रविवारी हैदराबादला जाऊन राहिलो. शारिककडं, कायमचं. गल्लीत किती दिवस उभी ठेवायची तिला?"

सरांनी हातातला खडू ठेवून दिला. "उद्या यायलोय मी," एवढंच म्हणाले.

रात्रभर एकच विचार. या माणसाला जाऊ द्यायचं नाही. चालवायला नको तर नको, नुसतं शेजारी बसायला बोलवायचं. ही साधी गोष्ट दोन वर्षांत एकदाही डोक्यात आली नव्हती, याचीच सरांना लाज वाटत होती. ड्रायव्हर म्हणजे उजवीकडं बसणारा माणूस, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की चालवणं सुटलं तर तो डावीकडंही बसू शकतो, हे फिजिक्सवाल्याला सुचलंच नाही. शुक्रवारचा क्लास त्यांनी बुडवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

गल्लीच्या तोंडाशी नाली होती, बेडकीचं नाक खाली आपटलं असतं. सर तिथंच उतरून चालत गेले. दारात जोहराभाभी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या आत वळून ओरडल्या, "अजी सुनो, सर आए!"

मकसूदभाई बाहेर आले. वाळले होते. सरांच्या चेहऱ्याकडं बघायचं म्हणून जरा बाजूला बघत होते, नजरेच्या मधोमधचं दिसत नव्हतं ना. पण हसले तसेच, सगळे दात दाखवून.

"आधी तुमची बेडकी दाखवा. नाव ऐकून राहिलो लई दिवसांपासून."

आत बसताना त्यांनी आधी टेकायची जागा हातानं चाचपली आणि मग धप्पकन खाली गेले. "सर, ही गाडी हाय का गादी?"

सर विष्णुपुरी धरणाकडं निघाले. रस्ता मोकळा मिळाला तसं मकसूदभाई म्हणाले, "दाबा जरा." सरांनी दाबलं. गाडी गरजली आणि सुटली. मकसूदभाईंनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला होता. मग तो दारावर नेला. मान वाकडी करून ऐकत राहिले.

"सर, इंजिन कुठं हाय?"

"पाठीमागं."

"मग आवाज दारातून कसा येऊन राहिला?"

सर ओशाळले. "तो स्पीकरचा आहे. खरा आवाज बारीक येतो ना, म्हणून वरून जोडून देतात."

"लटका आवाज?"

"हाव."

मकसूदभाई खो खो हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सरही हसले. असं हसून दोन वर्षं झाली होती.

"गिअर कवा टाकता?"

"टाकावा लागत नाही. तीच टाकते."

"आन चढाला?"

"चढ तिला कळतच नाही."

"काहीच मागत न्हाई?"

"नाही."

"मग तुम्ही काय करून राहिले सर हिच्यात?"

शंका अगदी साधी होती. चंद्रावरच्या ब्रेकपेक्षा किती तरी सोपी. सरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला.

धरणाजवळ त्यांनी गाडी कडेला लावली. पाणी बरंच होतं, ऊन वर आलं होतं. सरांनी स्टिअरिंगवरून हात काढले, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरासारखं अडखळत बोलले.

"मकसूदभाई, नका जाऊ. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्यासंगं चला. लातूरची खोली तशीच आहे. काही करायचं नाही. इथं बसायचं, बस्स. मला लई एकटं वाटायलंय हो."

मकसूदभाई पाण्याकडं तोंड करून म्हणाले, "सर, सुरवातीला मी नऊ वाजता शर्ट घालून बसायचो. सोमवार, बुधवार, शुक्रवार. जोहरा म्हणायची, आता सर येऊन राहिले असतील. तुमचा इथला क्लास माझ्या घरापासून दोन किलोमीटर. वर्षभर बसलो, सर."

"मग एक शब्द बोलायचं होतं फोनवर! मी काय परका होतो?"

"कसं बोलू? गाडी देऊन टाकली तुम्ही. ज्यानं एवढं दिलं त्याला अजून काय मागायचं? मला वाटलं, सरांनी आपल्याला निरोप देऊन टाकला. तुम्ही मागितलं असतं सर, तर मी आंधळा होऊन पण आलो असतो. आता पोराला शब्द देऊन बसलो. त्यानं खोली भाड्यानं घेतली, जोहरानं भांडी बांधली."

सरांनी पुन्हा विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण कधी गमावला, ते त्यांना समोर दिसत होतं. गाडी परत फिरवली. येताना गाडी आपली आपण चालत होती, म्हणून सरांना रडायला दोन्ही डोळे मोकळे होते.

जीप गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ताडपत्रीखाली उभी होती. मकसूदभाईंनी ताडपत्री काढली. आत सीट झाडलेल्या, काच पुसलेली, आणि एका किल्लीत इंजिन धडधडायला लागलं. सर बघतच राहिले.

"चालवत नव्हतो हां सर," मकसूदभाई घाईनं म्हणाले. "खुदा की कसम, एक इंच न्हाई हलवली. नुसती चालू करून बसायचो दहा मिनिटं. जरा बोलायचो तिच्याशी."

बेडकी कुणाला तरी पाठवून नंतर नेता येईल, असं ठरवून सर जीपमध्ये चढले. गल्लीतून निघताना दोनदा बंद पाडली. जोहराभाभी ओढणीत तोंड लपवून हसल्या. मकसूदभाई खिडकीपाशी आले, सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ धरून ठेवला. मग गाडीच्या दारावर दोन थापा मारल्या, रोज मारायचे तशा.

लोहा सुटलं. पुढं चढ लागला. सर चौथ्या गिअरमध्ये होते. इंजिनाचा आवाज हळूहळू जड झाला, गिअरची दांडी हाताखाली थरथरायला लागली, मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागला. तरी सर तसेच बसून होते. काय चाललंय ते त्यांना नीट ऐकू येत होतं, आज तर फारच नीट ऐकू येत होतं. पण ते वाट बघत होते. चौदा वर्षांची सवय, डावीकडून आवाज येईल म्हणून.

डावीकडं बसून बसून खोलगट झालेली सीट होती. जीप आता बंद पडायच्या बेताला आली.

"मागून राहिली, सर," शंकरप्पा सर स्वतःच मोठ्यानं म्हणाले.

आणि क्लच दाबून त्यांनी तिला तिसरा गिअर दिला. जीप सावरली, चढायला लागली. अहमदपूर येईपर्यंत सरांना ते आणखी चार वेळा म्हणावं लागलं, आणि दर वेळी शेवटचं "सर" काही नीट म्हणता आलं नाही.